समुद्रातले तीन किल्ले : कुलाबा, खांदेरी आणि उंदेरी

तुमच्यापैकी पुष्कळांनी नदी पाहिली आहे, धरण पाहिले आहे. समुद्र मात्र सर्वांनीच पाहिलेला नसेल. आणि समुद्रात उभा असलेला किल्ला तर त्याहून थोड्यांनी पाहिला असेल. डोंगरावर किल्ला बांधतात हे आपल्याला माहीत आहे. पण चारी बाजूंनी पाणी, पायाशी खडक, लाटा रात्रंदिवस आपटताहेत, अशा जागी किल्ला कसा बांधला असेल? आणि कशासाठी? हे समजून घ्यायचे असेल तर रायगड जिल्ह्यातल्या अलिबागला जावे. तिथं समुद्रात अशी तीन लहान बेटे आहेत. अलिबाग गावासमोर कुलाबा. त्याच्या उत्तरेला थळ गावासमोर उंदेरी, आणि उंदेरीच्या पलीकडे, खोल पाण्यात, खांदेरी. तिन्हींवर किल्ले आहेत.

अलिबागला जाणे सोपे आहे. पेणहून एस.टी.च्या गाड्या सारख्या सुटतात. मुंबईकडून येणाऱ्याला पाण्याची वाटही आहे. गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरायचे, तिथून मोटारीने अलिबाग. २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला एक मोठी बोटही येते. तिच्या पोटात मोटारी आणि माणसे दोन्ही बसतात. लाँच मात्र पावसाळ्यात बंद असतात.

आधी कुलाब्याला जाऊ. हा किल्ला किनाऱ्यापासून एक-दीड किलोमीटरवर आहे. गंमत अशी की, काही वेळा तिथं होडीने जावे लागते, आणि काही वेळा पायी चालत जाता येते. सकाळी जिथं होड्या डुलत होत्या, तिथंच दुपारी ओली वाळू दिसते, पोरे खेकडे शोधत फिरतात. नवख्या माणसाला ही जादू वाटते. जादू नाही. ही भरती-ओहोटी आहे. ती नीट समजून घेतल्याशिवाय कुलाब्याच्या वाटेला लागू नये. कारण ही मौज नाही, जिवाशी गाठ आहे.

समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. कोकणात ओहोटीला सुकतीही म्हणतात. हे चंद्रामुळे होते. चंद्र पृथ्वीला आपल्याकडे ओढतो. जमीन घट्ट, तिच्यावर ती ओढ दिसत नाही. पाणी पातळ, ते चंद्राच्या बाजूला फुगते. पृथ्वीच्या पाठीमागच्या बाजूलाही फुगते, कारण तिथं चंद्राची ओढ सर्वांत कमी पडते आणि पाणी मागे राहते. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून जातो. म्हणून दिवसाला दोन भरत्या. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तास आणि थोडी मिनिटे जातात.

आता शेतावर राखणीला जाणाऱ्यांना एक गोष्ट माहीत असते. चंद्र रोज उशिरा उगवतो. काल उगवला त्यापेक्षा आज पाऊण तासाने, कधी त्याहूनही थोड्या उशिरा. मग भरतीसुद्धा रोज तेवढीच उशिरा येणार, नाही का? यावरूनच आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांनी एक हिशेब बसवला आहे. घड्याळ नसतानाही तो चालत असे. आजची तिथी घ्या. तिला तीनाने गुणा आणि चाराने भागा. जे उत्तर येईल त्या वाजता पूर्ण भरती. जुन्या लोकांना पाऊणकी तोंडपाठ असे, त्यांना कागदही लागत नसे. पाऊणकी शाळेतून गेली, ते मला काही बरे वाटत नाही. पण ते राहू द्या.

उदाहरण घेऊ. आज चतुर्थी आहे. चार त्रिक बारा, बाराला चाराने भागले, तीन आले. म्हणजे दुपारी तीनला भरती, आणि पहाटेही तीनच्या सुमारास. त्यात सहा तास मिळवा. सकाळी नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. आता अष्टमी घ्या. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या सुमारास भरती. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच.

हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. त्यात आणखी एक मेख आहे. सगळ्या ओहोट्या सारख्या नसतात. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका ओळीत येतात. दोघे मिळून ओढतात. तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. त्याला उधाण म्हणतात. मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरांच्या वर जाते, म्हणजे दोन पुरुषांहून उंच. अष्टमीच्या आसपास सूर्य एका अंगाने ओढतो, चंद्र दुसऱ्या. दोघांची ओढ एकमेकांना मारते. पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. त्याला भांग म्हणतात. म्हणून अष्टमीला दुपारी बाराची ओहोटी सोयीची वाटली तरी कुलाब्याची वाट पुरती उघडी पडेलच असे नाही. गुडघाभर, कधी मांडीभर पाणी राहते. त्यापेक्षा पौर्णिमेनंतरची किंवा अमावास्येनंतरची तृतीया, चतुर्थी बरी. सकाळी आठ-नऊला ओहोटी, आणि पाणीही चांगले हटलेले.

चालत जायचे तर ओहोटी पूर्ण होण्याच्या आधी तासभर निघावे. किल्ला बघावा. आणि पाणी वळल्यावर रेंगाळू नये. पाणी कसे चढते ते सांगतो. पहिल्या तासात ते इतके हळू येते की कळतही नाही. माणूस म्हणतो, अजून पुष्कळ वेळ आहे. तिसऱ्या आणि चौथ्या तासात ते सर्वांत जोरात चढते. शिवाय ते समोरून येईल असे समजू नका. मधल्या सखल जागा आधी भरतात. तुम्ही उंचवट्यावर कोरडे उभे असता, आणि तुमच्या व किनाऱ्याच्या मधे कमरेएवढे पाणी झालेले असते.

एका हिवाळ्यात माझ्या डोळ्यांदेखत असे झाले. शहरातली पाच-सहा तरुण मंडळी तटावर छायाचित्रे काढीत बसली होती. घोडागाडीवाल्याने दोनदा हाक मारली. एकजण म्हणाला, "मामा, आम्हाला पोहता येतं." शेवटी तोच गाडीवाला घोड्याच्या पोटाला पाणी लागलेले असताना त्यांना घेऊन आला. घोडा बिचारा थरथरत होता. पोहता येणे वेगळे, आणि ओढीच्या पाण्यात अंगावरच्या कपड्यांनिशी पोहणे वेगळे. तेव्हा हिशेब तुम्ही जरूर करा, पण पाण्यात पाऊल टाकण्याआधी किनाऱ्यावरच्या कोळ्याला किंवा गाडीवाल्याला विचारा. तो थांब म्हणाला तर थांबा.

कुलाबा बांधायला छत्रपती शिवाजी महाराजांनी १६८० साली सुरुवात केली. त्याच वर्षीच्या एप्रिलात महाराज गेले. पुढचे काम संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. किल्ल्याच्या तटाजवळ गेलात की दगडांकडे नीट पाहा. मोठमोठे चिरे एकावर एक बसवले आहेत, आणि खालच्या थरांत चुना भरलेला नाही. का बरे? तुमच्या शेतातली ताल आठवा. कोरड्या दगडांची ताल पावसाच्या लोटाला टिकते, कारण पाणी फटींतून झिरपून जाते. मातीने लिंपलेला बांध पाणी अडवून धरतो, फुगतो आणि एके दिवशी फुटतो. इथंही तेच. लाट येऊन आदळते, तिचे पाणी फटींत शिरते, तिचा जोर मोडतो, आणि पाणी परत बाहेर पडते. तीनशे चाळीस वर्षांवर लाटा आदळताहेत, पण तट उभा आहे. ज्या गवंड्यांनी आणि पाथरवटांनी हे केले त्यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नसेल. त्यांना पाण्याचा स्वभाव वाचता येत होता.

आत गणपतीचे देऊळ आहे. ते राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधले. जवळच दगडी पुष्करणी आहे. तिचे पाणी गोडे आहे. सभोवती खारा समुद्र आणि मधे गोडे पाणी, याचे लोकांना फार नवल वाटते. यामागे पाऊस आहे. कोकणात पाऊस भरपूर पडतो. तो खडकात खोदलेल्या टाक्यांत, तळ्यांत साठवायचा. किल्ले बांधणाऱ्यांची जुनी रीत अशी की, टाके खोदताना निघालेला दगड तटाला वापरायचा. एका कामात दोन कामे होतात. पाण्याची सोय नसेल तर समुद्रातला किल्ला आठवडाभरही लढवता येत नाही. उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफा आहेत. त्यांच्यावर इंग्रजी अक्षरे आणि १८४९ हे साल कोरलेले आहे. म्हणजे त्या शिवकाळातल्या नव्हेत, मागाहून विलायतेत ओतलेल्या. कोणी तुम्हाला दुसरे काही सांगू लागला तर आकडा वाचून दाखवा.

कुलाबा म्हटले की कान्होजी आंग्रे यांचे नाव येतेच. शाहू महाराजांच्या काळात ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते. सरखेल म्हणजे आरमाराचे मुख्य. कोकणच्या समुद्रातून माल नेणाऱ्या गलबतांनी आपला परवाना घ्यावा, असा त्यांचा दंडक होता. त्या परवान्याला दस्तक म्हणत. इंग्रजांना हे मान्य नव्हते. त्यांनी आपल्या कागदांत कान्होजींना चाचा म्हटले आहे, म्हणजे समुद्रावरचा लुटारू. आता तुम्हीच सांगा. आपल्या गावच्या नाक्यावरून गाडी जाते आणि गावचा अंमलदार जकात मागतो, तर तो लुटारू कसा? १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून कुलाब्यावर चाल केली. किल्ला त्यांना घेता आला नाही. कान्होजी १७२९ साली वारले. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे, ती बघूनच परतावे. किल्ल्याच्या नावावरून या जिल्ह्याचे नावही पूर्वी कुलाबा होते. १९८१ सालापासून रायगड झाले.

आता खांदेरी. हे बेट थळच्या किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटर आत आहे. इथं पायी जाण्याचा प्रश्नच नाही. थळहून मचवा करावा लागतो. बेटावर दोन टेकड्या आहेत आणि त्यांच्या मधे होड्या लागण्याची जागा. दक्षिणेच्या उंच टेकडीवर दीपगृह आहे. त्या टेकडीवर उभे राहून उत्तरेकडे पाहिले की मुंबई बंदराचे तोंड दिसते. बस, सगळे भांडण याच एका गोष्टीवरून झाले.

शिवाजी महाराजांच्या वेळी मुंबई इंग्रजांकडे होती आणि जंजिरा सिद्दीकडे. सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबई बंदरात आसरा घेत असे. तिथून निघून तो महाराजांच्या मुलखात लूट करी. खांदेरीवर आपले ठाणे बसले तर मुंबईत कोण येतो, कोण जातो हे सगळे डोळ्याखाली राहील, असा महाराजांचा विचार. १६७२ साली पहिला प्रयत्न झाला, पण इंग्रजांनी आणि सिद्दीने अडथळा केला आणि काम थांबले. सात वर्षांनी, १६७९च्या ऑगस्टात, महाराजांनी मायनाक भंडारी यांना बेटावर पाठवले. बरोबर फक्त दीडशेच्या आसपास माणसे. दिवस पावसाळ्याचे. दर्या खवळलेला. अशा वेळी मोठी गलबते बंदरातून बाहेर काढायला कोणी धजत नाही. नेमके तेव्हाच हे लोक दगड रचू लागले.

इंग्रजांनी निरोप धाडला, बेट आमचे आहे, खाली करा. मायनाकांनी कळवले की महाराजांचा हुकूम असल्याशिवाय मी हलणार नाही. मग इंग्रजांनी आपली जहाजे आणून बेटाला वेढा घातला. इंग्रजांची जहाजे उंच, जड, शिडांवर चालणारी, मोठ्या तोफांची. आपल्या होड्या लहान, चपट्या बुडाच्या. पण वारा पडला की मोठे जहाज जागच्या जागी खिळते. लहान होडीला वल्ही आहेत. उथळ पाण्यात मोठे जहाज येऊ शकत नाही, होडी खडकांमधून सुद्धा निघून जाते. त्यामुळे रात्रीच्या अंधारात थळच्या बाजूने होड्या सुटत. दाणागोटा, दारूगोळा, दगड-चुना बेटावर टाकून उजाडण्याआधी परत येत. इंग्रज पहाऱ्यावर असत, आणि सकाळी बघावे तर तट हातभर वाढलेला!

त्या वर्षी १८ ऑक्टोबरला मोठी लढाई झाली. दौलतखान हे महाराजांचे आरमारी सरदार. त्यांच्या होड्या पहाटेच वल्हवत इंग्रजांवर चालून गेल्या. इंग्रजांचे एक गलबत मराठ्यांच्या हाती लागले, बाकीची मागे हटली. 'रिव्हेंज' नावाचे त्यांचे एक मोठे जहाज मात्र तोफांच्या जोरावर टिकून राहिले, आणि आपल्याही काही होड्या बुडाल्या. हेही सांगितले पाहिजे. आपली बाजू तेवढी सांगायची आणि दुसऱ्याची लपवायची, याला इतिहास म्हणत नाहीत. मग सिद्दीही आपले आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. तरी खांदेरी पडली नाही. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी नाद सोडला.

सिद्दी मात्र हुशार. खांदेरी मिळत नाही म्हटल्यावर त्याने त्याच महिन्यात शेजारच्या उंदेरीचा ताबा घेतला आणि तिथं आपला किल्ला उभा केला. खांदेरीला थळहून जी रसद जायची तिच्या वाटेतच उंदेरी आहे. घराच्या अंगणात शेजाऱ्याने म्हैस बांधावी तसे झाले. कितीतरी वर्षे ही दोन बेटे एकमेकांवर तोफा रोखून बसली होती. पुढे पेशवाईत उंदेरीही मराठ्यांकडे आली, आणि १८१८ नंतर सगळेच इंग्रजांकडे गेले.

आज खांदेरीवर तट, बुरूज, तोफा, पाण्याची टाकी हे सगळे पाहायला मिळते. दीपगृह १८६७ सालचे, आठ कोनांचे. रात्री त्याचा दिवा ठराविक वेळाने चमकतो. प्रत्येक दीपगृहाची चमकण्याची रीत वेगळी असते. ती मोजूनच नाखवा अंधारात ओळखतो की आपण कुठे आलो. १९९८ साली या बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव दिले गेले, पण थळचा कोळी अजून खांदेरीच म्हणतो. आपल्या नौदलाच्या पाणबुडीलाही हे नाव दिलेले आहे. पहिली 'खांदेरी' पाणबुडी १९६८ साली नौदलात आली, ती १९८९ साली निवृत्त झाली. आताची २०१९ पासून आहे. आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्को या जागतिक संस्थेने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले. रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांच्या पंक्तीला त्यात खांदेरीही बसली आहे.

बेटावर वेताळाचे देऊळ आहे. कोळी मंडळींची त्याच्यावर मोठी श्रद्धा. देव म्हणजे पांढऱ्या रंगाने रंगवलेला मोठा पाषाण आहे. तो वाढतो असे ते मानतात. आणखी एक खडक आहे. त्याच्यावर लहान दगडाने टकटक केली की भांडे वाजल्यासारखा नाद येतो. सगळे विचारतात, आत धातू आहे का? धातू नाही. घट्ट, भेग नसलेला दगड थोड्याच जागी टेकलेला असेल तर तो असा वाजतो. हंडा हातात लोंबता धरून वाजवा, घणघणतो. तोच वाळूत अर्धा पुरून वाजवा, बद्द आवाज येतो. आता येणारा प्रत्येकजण दगड आपटतो, त्यामुळे त्या खडकाला खळगे पडले आहेत. हलक्या हाताने एकदा वाजवावा आणि पुढच्यासाठी ठेवावा.

उंदेरी किनाऱ्याला जवळ, पण उतरायला अवघड. तिथं धक्का नाही. शेवाळलेल्या खडकांवर, लाटेचा अंदाज घेऊन उडी टाकावी लागते. वर झाडी माजली आहे, तटाच्या वाटा बुजल्या आहेत. म्हातारी माणसे आणि लहान मुले बरोबर असतील तर उंदेरी मचव्यातूनच पाहावी. तिला प्रदक्षिणा घालायला नाखव्याला सांगा, तट चांगला दिसतो.

मचवा ठरवताना चार गोष्टी आधी बोलून घ्याव्यात. किती माणसे बसणार, किती पैसे, बेटावर किती वेळ थांबणार, आणि प्रत्येकाला अंगात घालायचे तरंगते जाकीट मिळणार की नाही. जाकिटे नसतील तर स्वस्त मिळाला तरी तो मचवा घेऊ नये. निघायचे ते सकाळी लवकर. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो, त्याला मतलई म्हणतात. तेव्हा पाणी शांत असते. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो, लाटा उठतात आणि नवख्या माणसाच्या पोटात ढवळते. जून ते सप्टेंबर या बेटांकडे जाण्याचा विचारच करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम.

बेटावर हॉटेल नाही. भाकरी, पिण्याचे पाणी, डोक्याला टोपी किंवा पदर बरोबर हवा. नेलेल्या बाटल्या आणि कागद परत आणायचे, कारण तिथं झाडायला कोणी नाही. पायात घट्ट बसणारी, न घसरणारी वहाण असावी. अनवाणी चाललात तर खडकावरची कालवे पाय कापतात, आणि खाऱ्या पाण्यात ती जखम फार झोंबते. संध्याकाळी पेणकडे जाणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते, ते मात्र अलिबागच्या स्थानकावर सकाळी उतरल्याबरोबर फळ्यावर वाचून ठेवा.